मेहुण्याला ठेका मिळाला, तर नेमके चुकले कुठे?

सरकारी खरेदीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, 'सगळे खातात हो.' दुसरा म्हणतो, 'असेल तर पुरावा दाखवा.' दोन्हींनी बोलणे तिथेच खुंटते. लाच शोधणे अवघड, सिद्ध करणे त्याहून अवघड. पण त्याच्या बरेच आधी एक साधा प्रश्न विचारता येतो आणि त्याला पुरावा लागत नाही, फक्त उत्तर लागते. माल घेणारा आणि माल देणारा एकमेकांचे कोण?

उदाहरणे बडोद्याची देतो, कारण मी इथला आणि हिशेबाच्या धंद्यातला. नियम बरेचसे देशभर सारखेच आहेत.

समजा, कारेलीबागेतली एक जुनी सोसायटी आहे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे आहे. सेक्रेटरी तीन कोटेशन आणतात, सर्वांत कमी दराचे मंजूर होते, काम होते, पावसाळ्यात गच्ची गळत नाही. दिवाळीच्या फराळाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सेक्रेटरींना विचारतात, "भाऊ, तो वॉटरप्रूफिंगवाला म्हणजे आपल्या वहिनींचा सख्खा भाऊ ना?"

"हो, पण काकू, दर त्याचाच सगळ्यांत कमी होता."

"होता ना. मग मीटिंगमध्येच का नाही सांगितलंत?"

काकूंनी चोरीचा आरोप केलेला नाही. कामही चांगले झाले आहे. तरी आता प्रश्न उभे राहतात. उरलेली दोन कोटेशन कोणी आणली? बाकीच्यांचे दर मेहुण्याला आधी कळले होते का? उद्या गॅरंटीत काम निघाले तर सेक्रेटरी त्याला फोनवर झापतील की सांभाळून घेतील? मीटिंगमध्येच 'हा माझा मेहुणा, निर्णय तुम्ही घ्या' असे सांगून सेक्रेटरी गप्प बसले असते, तर त्याच मेहुण्याला त्याच दरात काम मिळाले असते आणि काकू निमूट चकली खात बसल्या असत्या.

सरकारी कारभारात यालाच हितसंबंध म्हणतात. हितसंबंध असणे हा गुन्हा नव्हे. माणसाला नातेवाईक असणार, बायकोचा धंदा असणार, कुठे शेअर असणार. अपेक्षा एवढीच, की नाते आधी सांगावे, त्या निर्णयातून बाजूला व्हावे आणि या दोन्हींची नोंद लोकांना बघता येईल अशी असावी. पहिल्या दोन गोष्टी आपल्या नियमांत बऱ्यापैकी आहेत. तिसरीत सगळी मेख आहे. आपल्याकडे ही घोषणा वर जाते, साहेबाकडे. बाहेर, लोकांकडे येत नाही.

आधी नोकरशाहीचे पाहू. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. गुजरात सरकारचे स्वतःचे नियम १९७१ चे. केंद्राच्या नियम ४ चा मथितार्थ असा : ज्या कंपनीत किंवा फर्ममध्ये आपल्या कुटुंबातले कोणी नोकरीला आहे, किंवा ज्या ठेक्यात आपल्या कुटुंबाचा काही संबंध आहे, त्याची फाइल कर्मचाऱ्याने स्वतः हाताळू नये, वरिष्ठाकडे पाठवावी. नियम १५ सांगतो, कुटुंबातले कोणी व्यापार-धंदा करत असेल तर ते सरकारला कळवावे. वाचताना वाटते, झाले की सगळे.

आता त्याच नियमांत 'कुटुंब' म्हणजे कोण ते पाहा. नवरा किंवा बायको. मुलगा-मुलगी, पण पूर्णपणे त्या कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेली. रक्ताचे किंवा लग्नाने झालेले इतर नातेवाईक, पण तेही पूर्णपणे अवलंबून असलेलेच. म्हणजे स्वतःचा ठेकेदारीचा धंदा जोरात चालवणारा मेहुणा या व्याख्येतून सुटला. कमावता मुलगाही सुटला. जो स्वतःच्या पायावर उभा आहे, ज्याच्याकडे पुरवठादार व्हायची ऐपत आहे, तोच नेमका यादीबाहेर! नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा बेकार भाचा होता.

खासगी कंपन्यांचा कायदा या बाबतीत जास्त कडक आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १८४ नुसार प्रत्येक संचालकाला दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बोर्ड मीटिंगमध्ये, आपला कोणकोणत्या कंपन्यांत आणि फर्ममध्ये संबंध आहे, हे लेखी द्यावे लागते. आमच्या धंद्यात त्या फॉर्मला एमबीपी-१ म्हणतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत सह्या गोळा करता करता जीव जातो. तिथल्या नातेवाइकांच्या यादीत आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-सून, मुलगी-जावई सगळे येतात, कमावते असोत वा नसोत. (बायकोचा भाऊ मात्र त्याही यादीत नाही. मेहुणा हा भारतीय कायद्यातला सर्वांत नशीबवान प्राणी असावा.)

नगरसेवकांचे नियम वेगळ्या ठिकाणी आहेत. बडोद्याच्या पालिकेला लागू होतो तो १९४९ चा कायदा, जो पूर्वी मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा म्हणून ओळखला जायचा आणि आता गुजरातच्या नावाने चालतो. त्याचे कलम १० सांगते, की पालिकेशी झालेल्या कोणत्याही करारात ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतः किंवा भागीदारामार्फत हिस्सा आहे, तो नगरसेवक राहायला अपात्र. शिक्षा मोठी आहे, थेट पद जाते. पण त्याच कलमात अपवाद आहेत : पालिकेची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रात हिस्सा असला तर चालतो, पालिकेशी करार केलेल्या जॉइंट स्टॉक कंपनीत नुसता शेअर असला तरी चालतो. शिवाय नाव घेतले आहे ते भागीदाराचे. मेहुणा, भाचा, व्याही यांचे काय, हे 'अप्रत्यक्ष' या एका शब्दावर सोडले आहे. त्या शब्दावर वकील वर्षानुवर्षे वाद घालू शकतात. तोवर पाच वर्षांची मुदत संपते.

शिक्षा इतकी टोकाची असली की आणखी एक गोष्ट होते. 'सांगितले तर पद जाईल' असे असेल तर कोण सांगेल? सांगणाऱ्याला बाजूला बसू देणारी आणि न सांगणाऱ्याला धरणारी व्यवस्था जास्त कामाची. आपली व्यवस्था दोघांना एकाच मापाने मोजते, म्हणून सगळे गप्प राहतात.

आमदार-खासदारांच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे, आणि ते न्यायालयांमुळे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९-अ, सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी बांधकामाचा चालू ठेका असलेल्याला अपात्र ठरवते. २००२ च्या निकालानंतर उमेदवारांना संपत्ती आणि गुन्ह्यांचे शपथपत्र द्यावे लागू लागले. २०१८ च्या लोकप्रहरी खटल्यानंतर त्या शपथपत्रात, म्हणजे फॉर्म २६ मध्ये, उत्पन्नाचे मार्ग आणि सरकारी ठेक्यांची माहितीही आली : उमेदवाराचे ठेके, जोडीदाराचे, अवलंबितांचे आणि त्यांचा हिस्सा असलेल्या भागीदारी फर्म व खासगी कंपन्यांचे. हे शपथपत्र कोणालाही बघता येते. दुखणे एवढेच, की ते निवडणुकीच्या वेळी भरले जाते. निवडून आल्यावर तिसऱ्या वर्षी फर्म काढली तर पुढच्या निवडणुकीपर्यंत त्याचा पत्ता नाही. राज्यसभेत मात्र सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही असते. त्यात संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, कंपनीवर ताबा येईल एवढे शेअर, सल्लागारी आणि व्यावसायिक काम अशा पाच गोष्टी सांगाव्या लागतात. लोकसभेत तशी नोंदवही नाही.

आता खरेदीची बाजू. बडोदा महानगरपालिकेचे मुख्यालय खंडेराव मार्केटमध्ये आहे. सयाजीरावांनी बांधलेली ही देखणी इमारत. तिथेच भाजी आणि फुलांचा बाजारही भरतो. खाली गवारीच्या भावावरून घासाघीस आणि वर कोट्यवधींचे ठेके, असा योग दुसऱ्या शहरात क्वचितच. गवारीचा भाव समोरासमोर ठरतो, शेजारची बाई कितीला देते ते ऐकू येते. वरचे ठेके कसे ठरतात ते मात्र थोडे समजून घ्यावे लागते.

मोठ्या कामाचे टेंडर एन-प्रोक्योर या ऑनलाइन टेंडरांच्या संकेतस्थळावर निघते. दर उघडतात, तुलना होते, आयुक्तांकडून प्रस्ताव बारा सदस्यांच्या स्थायी समितीत जातो आणि मंजूर होतो. हा सरळ रस्ता, आणि त्यात गैर करायला मेहनत पडते. गडबड बहुतेक वेळा रस्ता सोडून असलेल्या वाटांवर होते. एक वाट म्हणजे कामाचे तुकडे. एका रस्त्याचे काम पाच भागांत तोडले की प्रत्येक भाग टेंडरच्या मर्यादेखाली येतो आणि कोटेशनवर भागतो. दुसरी वाट पालिकेच्या त्याच १९४९ च्या कायद्यात आहे : कलम ६७(३)(क). तातडीच्या प्रसंगी, लोकांच्या सुरक्षेसाठी, आयुक्त नेहमीची प्रक्रिया बाजूला ठेवून काम देऊ शकतात आणि नंतर समितीला कळवतात. विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरते तेव्हा पंपासाठी टेंडर काढत बसा असे कोणी म्हणणार नाही. हे कलम हवेच. पण दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारा पावसाळा दरवर्षी 'तातडीचा' कसा ठरतो, आणि तातडीत हाताशी सापडणारे ठेकेदार कोण असतात, हे दोन प्रश्न पालिकेच्या कोणत्याही बैठकीत विचारण्यासारखे आहेत. तातडीच्या कामात तुलनेला दुसरा दर नसतो. म्हणून तिथेच नात्याची घोषणा सर्वांत जास्त हवी.

पुरवठादार कोण हे कळणे का महत्त्वाचे, याचे बडोद्याला बसलेले उदाहरण हरणी तलावाचे आहे. १८ जानेवारी २०२४ ला तिथे सहलीची बोट उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका बुडाल्या. तलावाच्या विकासाचे आणि बोटींचे काम पालिकेने २०१७ मध्ये एका भागीदारी फर्मला दिले होते. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले, तेव्हा पहिल्या फेरीत अपात्र ठरलेली फर्म दुसऱ्या फेरीत पात्र कशी झाली, हा प्रश्न समोर आला. आणि पोलीस तपासाच्या बातम्यांत आणखी एक गोष्ट आली : ज्याला प्रमुख म्हणून पकडले त्याचे स्वतःचे नाव भागीदारांत नव्हते, त्याच्या घरच्यांची होती. शहराने सात वर्षे एका फर्मशी व्यवहार केला आणि ती खरी कोणाची, हे लोकांना कळले ते दुर्घटनेनंतर. अमुक अधिकाऱ्याचे तमुक ठेकेदाराशी नाते होते, असे मी इथे म्हणत नाही. नाते असते वा नसते, तपासायला नावच समोर नव्हते. कंपनी असेल तर १० टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा पडद्याआडून धरणाऱ्याला कंपनी कायद्याच्या कलम ९० खाली नाव जाहीर करावे लागते. भागीदारी फर्मला तो नियम लागू नाही, आणि पालिकेचे कितीतरी ठेकेदार फर्मच असतात.

हे सगळे आजचे नाही, याची आठवण बडोदेकरांना करून द्यायला हरकत नाही. १८५१ साली इथला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेम्स आउटराम याने मुंबई सरकारला अहवाल पाठवला होता, की दरबारात आणि रेसिडेन्सीत आतल्या लोकांना पैसे चारून कामे होतात आणि मुंबईपर्यंत वशिला पोचतो अशी समजूत आहे. अहवालाचे फळ काय? आउटरामचीच उचलबांगडी झाली. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याला थोड्या काळासाठी परत बडोद्याला पाठवले खरे.

मग सामान्य माणसाला काय करता येते? वाटते त्यापेक्षा बरेच, आणि बसल्या जागी. कोणत्याही बिलावर किंवा मंजूर टेंडरवर ठेकेदाराचा जीएसटी क्रमांक असतो, पंधरा अक्षरांचा. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, गुजरातचे २४. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या धंद्याचा पॅन नंबर, जसाच्या तसा. पॅनचे चौथे अक्षर सांगते मालक कोणत्या प्रकारचा : पी असेल तर एकटी व्यक्ती, एफ असेल तर फर्म, सी असेल तर कंपनी, एच असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. पाचवे अक्षर व्यक्तीच्या आडनावाचे किंवा फर्मच्या नावाचे आद्याक्षर असते. आता समजा तीन कोटेशन आली आहेत, 'श्री' काहीतरी, 'न्यू' काहीतरी आणि 'जय' काहीतरी. तीन लेटरहेड, तीन रंग. त्यातल्या दोघांच्या जीएसटी क्रमांकातली मधली दहा अक्षरे सारखी निघाली, तर ती दोन दुकाने एकाच मालकाची आहेत. याला डिटेक्टिव्ह लागत नाही, चष्मा लागतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की कायदेशीर नाव आणि नोंदणीची तारीख फुकट दिसते. टेंडर निघण्याच्या पंधरा दिवस आधी जन्मलेली फर्म असेल तर तेही तिथेच कळते. कंपनी असेल तर कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर संचालकांची नावे दिसतात, आणि शंभर रुपये भरून तिची दाखल केलेली कागदपत्रे उघडता येतात.

नावाला उभे केलेले स्पर्धक पकडले जातात, हे पुण्यात दिसले आहे. तिथल्या महानगरपालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या टेंडरांत ठेकेदारांनी आपसांत संगनमत केल्याची तक्रार नागरिक चेतना मंच या नागरिकांच्या गटाने स्पर्धा आयोगाकडे नेली होती, आणि २०१८ मध्ये आयोगाने त्या कंपन्यांना दंड केला.

माहिती अधिकाराचा अर्ज हा दुसरा मार्ग. गुजरातमध्ये फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पण अर्ज कसा लिहायचा यात खुबी आहे. 'अमुक इंजिनिअरची संपत्ती कळवा' असे लिहाल तर अर्ज फेटाळला जाणे जवळपास ठरलेले. २०१२ मध्ये गिरीश रामचंद्र देशपांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याच्या मालमत्तेचा तपशील आणि आयकर विवरणपत्रे ही वैयक्तिक माहिती मानली. व्यापक जनहित दाखवले तरच ती मिळेल, असे म्हटले. पुढे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याने माहिती अधिकार कायद्यातल्या, वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या कलमातला जनहिताचा उल्लेखच वगळला. त्याच कायद्याच्या कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद शिल्लक आहे, पण दार अरुंद झाले, यात शंका नाही. म्हणून माणसाबद्दल विचारू नये, प्रक्रियेबद्दल विचारावे. गेल्या तीन आर्थिक वर्षांत कलम ६७(३)(क) खाली दिलेल्या कामांची यादी, ठेकेदाराचे नाव आणि रक्कम द्या. टेंडर समितीच्या सदस्यांनी दिलेल्या हितसंबंधांच्या घोषणांची संख्या द्या. कुटुंबाच्या व्यवसायाची माहिती किती कर्मचाऱ्यांनी कळवली ते द्या. यात कोणाच्या खासगी आयुष्यात डोकावणे नाही. आणि उत्तर 'शून्य' आले, तर ते शून्यच बरेच काही सांगते. इतक्या मोठ्या शहरात एकाही अधिकाऱ्याच्या घरात धंदा नाही, यावर कोण विश्वास ठेवेल?

आयएएस अधिकाऱ्यांचे स्थावर मालमत्तेचे वार्षिक विवरण केंद्राच्या कार्मिक खात्याच्या संकेतस्थळावर बघता येते, आणि ती चांगली गोष्ट आहे. फक्त त्याचा उपयोग मर्यादित आहे हे ध्यानात ठेवा. त्यात घर आणि जमीन दिसते. घरातल्या कोणाची फर्म कोणाला पाइप पुरवते, ते त्यात नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो फालतू नाही. 'अहो, बडोद्यातली मराठी माणसं म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, एवढ्यातच तीन-चार पिढ्या सोयरिकी झालेल्या. कोण कोणाचा नाही? असं नातं सांगत बसलं तर कामच होणार नाही.' खरे आहे, लहान समाजात नाती टाळता येत नाहीत. पण म्हणूनच तर सांगायचे. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे सांगायला खर्च येत नाही. बातमी तशीही पसरलेलीच असते. न सांगितल्यामुळे एवढेच होते, की आतल्यांना नाते ठाऊक असते आणि टेंडर भरणाऱ्या बाहेरच्या माणसाला नसते. तो दोनदा टेंडर भरतो, दोनदा हरतो, तिसऱ्यांदा भरतच नाही. मग स्पर्धक कमी, दर चढे, आणि त्याचा भुर्दंड मालमत्ता कराच्या बिलातून तुमच्या-माझ्या घरी.

बदल करायचा तर फार मोठा कायदा लागणार नाही. पालिकेकडे पुरवठादारांची यादी आहे. घोषणा, जेवढ्या येतात तेवढ्या, आस्थापना विभागाच्या फायलींत आहेत. या दोन याद्या एकमेकींसमोर कधी ठेवल्या जात नाहीत, कारण ते कोणाच्याच कामाच्या वाटपात लिहिलेले नाही. टेंडरच्या छाननी तक्त्यात अनुभव, उलाढाल, अनामत रक्कम असे रकाने असतात. तिथे आणखी एक रकाना घालायचा : समितीतल्या कोणाचा या पुरवठादाराशी नात्याचा किंवा व्यवहाराचा संबंध आहे काय? नाते म्हणताना मेहुणा, भाचा, व्याही स्पष्ट लिहायचे, अवलंबून असो वा नसो. सरकारी पद्धतीप्रमाणे बहुतेक जण तिथे 'निरंक' लिहून सही करतील. करू देत. आज एखादे नाते उघडकीस आले तर 'मला कोणी विचारलेच नाही' असे म्हणून सुटता येते. रकाना भरलेला असला तर ऑडिटवाल्याला त्या सहीवर बोट ठेवून पॅरा, म्हणजे अहवालात लेखी आक्षेप, काढता येईल, आणि ऑडिट पॅराला उत्तर लेखीच द्यावे लागते.